नेवाशाची पोथी, प्रभातचा बोलपट आणि डीव्हीडीची फाइल: प्रतींचा एक इतिहास

नेवासे येथील पैस खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली, अशी परंपरा आहे. ग्रंथाच्या समाप्तीत शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, हा काल दिलेला आहे. बाबांच्या हातची ती पहिली पोथी आज उपलब्ध नाही. आपण वाचतो ती ज्ञानेश्वरी प्रतींवरून झालेल्या प्रतींतून आलेली आहे.

बरोबर साडेसहाशे वर्षांनी, १९४० मध्ये, पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘संत ज्ञानेश्वर’ हा बोलपट काढला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल, कथालेखक शिवराम वाशीकर, गीते शांताराम आठवले यांची, संगीत केशवराव भोळे यांचे. ज्ञानदेवांची भूमिका करणारे शाहू मोडक हे अहमदनगरचे. जन्म १९१८, घराणे ख्रिस्ती. ‘श्यामसुंदर’मध्ये बालकृष्ण म्हणून पडद्यावर आलेला हा नगरचा मुलगा पुढे महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढचा ज्ञानदेव झाला. ज्या जिल्ह्यात ज्ञानेश्वरी लिहिली गेली, त्याच जिल्ह्यात पडद्यावरचा ज्ञानेश्वर जन्मला, हा योगायोग मोठा गोड आहे.

हा बोलपटही आज बहुतेकांच्या हाती येतो तो प्रतीच्या प्रतीतून: रिळावरून व्हिडिओ फितीवर, तेथून व्हीसीडी-डीव्हीडीवर आणि आता फाइलीत. अनेक घरांतील कपाटांत प्रभातच्या डीव्हीडी अजून पडून आहेत. नव्या लॅपटॉपला मात्र तबकडी घालायची जागाच नसते. ‘याची छोटी फाइल कशी करायची?’ हा प्रश्न तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो लेखनिकाचा प्रश्न आहे आणि त्याला जुना इतिहास आहे. हा धागा त्याविषयी.

प्रथम एकनाथांकडे जाऊ. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या पोथ्या ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून शब्द बदलले होते, ओव्या मागेपुढे झाल्या होत्या, काहींनी आपल्या पदरच्या ओव्याही घुसवल्या होत्या. शेवटी नाथांनी ताकीद दिली, की यात कोणी स्वतःची भर घालू नये. म्हणजे प्रत करताना दोन प्रकारे बिघाड होतो: काही गळते आणि काही नसलेले येऊन बसते. पुढे १९०९ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक पाठ छापला, त्याच्या अस्सलपणावरही पुष्कळ वाद झाला. नाथांनी ज्या पोथ्या ताडल्या त्या सगळ्या हाताशी असत्या, तर यातील किती वाद झाले असते? शुद्ध प्रत तयार झाल्यावर जुन्या प्रती निरुपयोगी ठरत नाहीत, हे पाठचिकित्सेचे पहिले सूत्र. डीव्हीडीच्या बाबतीत ते हमखास विसरले जाते.

आता रीळ. १९४० च्या काळातील चित्रपटाची फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. चित्र अत्यंत सुंदर उमटे, पण फीत भयंकर ज्वालाग्राही. एकदा पेटली की स्वतःच प्राणवायू पुरवते, त्यामुळे पाण्याखालीही विझत नाही. पेटली नाही तरी कालांतराने चिकट होते, मग तिची पूड होते. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी जगभर नायट्रेटची फीत बंद होऊन ‘सुरक्षित’ अ‍ॅसिटेट फीत रूढ झाली. तिलाही रोग जडतो. ती कुजू लागली की डबा उघडताच शिरक्याचा आंबट वास येतो.

प्रती झिजण्याचा दुसरा मार्ग म्हणजे लोकप्रियता. संतपट गावोगावच्या जत्रांत, तंबूतल्या टुरिंग टॉकीजमध्ये वर्षानुवर्षे चालत. फीत प्रोजेक्टरमध्ये तुटली की ऑपरेटर तुटके टोक कापून जोड देई आणि प्रत्येक जोडाबरोबर काही चौकटी कायमच्या जात. एखादा अभंग ऐन सुरात ‘उडी’ मारतो, तेव्हा त्यामागे असा एखादा विसरलेला जोड असू शकतो.

प्रभात कंपनी १९५० च्या दशकात बंद पडली. तिच्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी तेथे जुने चित्रपट अक्षरशः वेचून आणले. पण जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागली आणि मूकपटांच्या व प्रभातच्या काळातील हजारो रिळे भस्मसात झाली. ज्या चित्रपटांची आधीच दुसऱ्या फितीवर प्रत झाली होती, तेच मागे राहिले. अशा वेळी प्रत हीच मूळ होऊन बसते. सच्चिदानंदबाबांच्या पोथीचे जे झाले तेच.

डीव्हीडीच्या आधी आपल्याकडे व्हीसीडी आली. १९९३ चे हे मानक आपल्याकडे दशकाच्या अखेरीस घरोघरी पोहोचले. तिच्यातील चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, आणि एका तबकडीत साधारण सव्वा तास मावे. म्हणून पूर्ण चित्रपटाला दोन तबकड्या लागत, आणि ऐन प्रसंगात उठून दुसरी घालावी लागे. १९९६ मध्ये जपानात डीव्हीडी आली. आपल्याकडच्या पाल पद्धतीत तिचे चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे, म्हणजे व्हीसीडीच्या चौपट. एकपदरी तबकडीची क्षमता ४.७ जीबी, दुपदरीची ८.५.

येथे थोडा हिशेब करावा. पालच्या दर सेकंदाला २५ चौकटी. रंगांची माहिती नेहमीच्या रीतीने पाव भागावर आणली तरी एका चौकटीला सुमारे ६ लाख २२ हजार बाइट लागतात. दोन तासांचा चित्रपट न दाबता साठवला तर सुमारे ११२ जीबी होतो. डीव्हीडीवर तोच साडेचार जीबीत बसतो, म्हणजे पंचविसांतले चोवीस भाग आधीच टाकून दिलेले असतात. डीव्हीडी म्हणजे ‘मूळ’ नव्हे, हे नवशिक्याने सर्वप्रथम ध्यानात घ्यावे. तीच एक दाबलेली नक्कल आहे, आणि तिची छोटी फाइल म्हणजे दाबलेल्याला पुन्हा दाबणे.

हे चोवीस भाग टाकायचे कसे, याची किल्ली एका भारतीयाने दिली. नासिर अहमद यांचा जन्म १९४० चा, बंगळूरचा. म्हणजे ‘संत ज्ञानेश्वर’ आणि ते एकाच वर्षाचे! अमेरिकेत अध्यापन करीत असताना १९७२ मध्ये त्यांनी ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’च्या अभ्यासासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. कल्पना फारच साधी म्हणून अर्ज नाकारला गेला. अहमद यांनी काम सोडले नाही, आणि जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांचा छोटासा निबंध प्रसिद्ध झाला. त्या ‘साध्या’ कल्पनेवर पुढे छायाचित्रांचे जेपेग, व्हीसीडीचे एमपेग-१ आणि डीव्हीडीचे एमपेग-२ उभे राहिले.

कल्पना अशी. चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातील उजेड-अंधार म्हणजे मंद आणि जलद लहरींची बेरीज, असे मानायचे. मंद लहरी म्हणजे भिंतीचा सपाट रंग किंवा आकाश, जलद लहरी म्हणजे केसांची बट, कापडाची वीण. जलद लहरींतील बारीक फरक डोळ्याला फारसे कळत नाहीत, म्हणून ते ढोबळ करून टाकायचे. प्रमाणाबाहेर टाकले की चौकोन उघडे पडतात. स्वस्त व्हीसीडीवर अंधारातील चेहरे फरशा बसवल्यासारखे दिसत, ते याच कारणाने.

दुसरी युक्ती काळाची. लागोपाठच्या दोन चौकटींत बहुतेक भाग तोच असतो. म्हणून डझनभर चौकटींमागे एखादीच पूर्ण साठवतात. बाकीच्यांसाठी ‘मागच्या चित्रातला हा तुकडा उचलून इतका डावीकडे सरकवा’ एवढीच सूचना लिहितात. चांगदेवांना सामोरी जाणारी भिंत हे प्रभातच्या ट्रिक फोटोग्राफीचे गाजलेले उदाहरण. संगणकाच्या दृष्टीने भिंत चालणे ही सर्वांत सोपी गोष्ट आहे, कारण सगळे तुकडे एकाच दिशेने सरकतात. त्याला खरा घाम फुटतो तो जुन्या फितीवरच्या धुळीने, ओरखड्यांनी आणि रुपेरी कणांच्या सळसळीने. दर चौकटीत हे ठिपके नव्या जागी असतात आणि संगणक प्रत्येक ठिपका इमानाने नोंदवू पाहतो. म्हणून जुन्या कृष्णधवल चित्रपटाची फाइल नव्या गुळगुळीत रंगीत चित्रपटाहून मोठी झाली, तर नवल मानू नये.

मग ‘डीनॉइज’ नावाचे बटण मोहात पाडते. ते दाबले की कण जातात, फाइल लहान होते आणि चेहरे मेणाचे होतात. फत्तेलालांच्या नेपथ्यातील दगडाचा खडबडीतपणाही त्याबरोबर जातो. नाथांच्या भाषेत हा पाठ शुद्ध करणे नव्हे, पदरची ओवी घालणेच होय. नवशिक्याने हे बटण बंदच ठेवावे.

आता प्रत्यक्ष कृती. तबकडी मऊ, कोरड्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल गोल पुसल्यास पडणारा ओरखडा माहितीच्या ओळीच्या दिशेने जातो आणि अधिक नुकसान करतो. मग यूएसबीने जोडायच्या बाह्य ड्राइव्हमध्ये तबकडी घालून प्रथम तिची जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाइल, करून घ्यावी. दाबणे त्यानंतर. घरी लिहिलेल्या तबकड्यांच्या बाबतीत तर याला पर्याय नाही. छापील तबकडीत माहितीचे खळगे साच्याने उठवलेले असतात, घरच्या तबकडीत सेंद्रिय रंगाच्या थरावर लेसरने खुणा केलेल्या असतात. उष्णता आणि उजेड यांनी तो रंग उडतो. लग्नाची, गावच्या सप्ताहातील कीर्तनाची, आजोबांच्या सत्काराची डीव्हीडी बहुधा याच दुसऱ्या जातीची असते, आणि तिची दुसरी प्रत जगात कोठेही नसते.

तबकडी उघडल्यावर ‘व्हिडिओ_टीएस’ नावाची पेटी दिसते आणि तिच्यात जास्तीत जास्त एकेक जीबीच्या व्हीओबी फाइली. त्या सुट्या उचलून जोडत बसू नये, कारण क्रम, प्रकरणे आणि उपशीर्षके यांचा नकाशा शेजारच्या आयएफओ फाइलींत असतो. हँडब्रेक हा मोफत प्रोग्राम तो नकाशा वाचतो. एरिक पेटी या प्रोग्रामरने तो २००३ मध्ये लिहिला. त्याच वर्षी एच.२६४ हे मानक मंजूर झाले. एमपेग-२ च्या निम्म्या जागेत जवळपास तेच चित्र, हे त्याचे सामर्थ्य. आज ‘एमपी४ करा’ म्हटले की बहुधा हेच अभिप्रेत असते.

बाजारातील पुष्कळ डीव्हीडींना सीएसएस नावाचे सांकेतिक कुलूप असते, आणि हँडब्रेक ते स्वतः उघडत नाही. १९९९ मध्ये नॉर्वेतील योन लेक योहान्सन या पंधरा वर्षांच्या मुलाचे नाव या कुलपाची किल्ली प्रसिद्ध करण्याशी जोडले गेले. त्याच्यावर खटला झाला आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप चुकवणे हा गुन्हा ठरला. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो. त्या हिशेबाने १९४० चा बोलपट केव्हाच मुक्त झाला आहे. गीते आणि संवाद यांचे लेखकांचे हक्क मात्र वेगळे, लेखकाच्या मृत्यूनंतरच्या साठ वर्षांनी, मोजतात. जुना चित्रपट म्हणजे सरसकट सार्वजनिक मालमत्ता, असे समजून फाइल वाटत सुटू नये. घरच्या समारंभांच्या तबकड्यांना बहुधा कुलूप नसते, म्हणून हात बसवण्यासाठी त्याच बऱ्या.

हँडब्रेकमध्ये सर्वांत लांबीचे ‘टायटल’ निवडावे. तोच बहुधा मुख्य चित्रपट असतो. गुणवत्तेसाठी ‘किती एमबी हवे’ असे सांगण्याऐवजी ‘आरएफ’ हा आकडा द्यावा. डीव्हीडीसाठी १८ ते २२ यांमधील आकडा योग्य. आकडा जितका लहान तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी, हे उलटे गणित पहिल्यांदा सर्वांनाच चकवते. साधारण २० वर दोन तासांचा चित्रपट बहुधा एक ते दोन जीबीत येतो. मोठ्या पडद्यासाठी १०८० निवडण्याचा मोह टाळावा. तबकडीत ५७६ ओळी असताना उरलेल्या संगणक मनाने रचतो, आणि त्यात काय आहे हे नाथांनी आधीच सांगितले आहे.

चित्राच्या आकाराचा घोटाळा सर्वत्र दिसतो. १९४० चा पडदा जवळजवळ चार-तीन प्रमाणाचा. डीव्हीडीवरचे ७२० बिंदू पडद्यावर ७६८ इतके पसरून दिसायचे असतात आणि तशी सूचना तबकडीतच असते. ती पुसून चित्र आजच्या सोळा-नऊ पडद्यावर ताणले, की कृश ज्ञानदेव चांगले गलेलठ्ठ दिसू लागतात. बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात.

वेगाचा प्रश्न अधिक सूक्ष्म, आणि भोळ्यांच्या संगीताच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पालची तबकडी २५ ने. म्हणून पुष्कळदा चित्रपट चार टक्के वेगात पळवलेला असतो. दोन तासांचा चित्रपट एकशेपंधरा मिनिटांत संपतो आणि स्वर दुरुस्त केला नसेल तर पाऊण अर्धस्वराने चढतो. अशा तबकडीवर ऐकून ‘हे पद काळी एकमध्ये गायले आहे’ असे ठामपणे लिहिणारा अभ्यासक फसू शकतो. एनटीएससी पद्धतीच्या तबकडीत वेग बरोबर असतो, पण चौकटी अर्ध्या-अर्ध्या विंचरून पुन्हा गुंफलेल्या असतात. हालचालीत कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसल्या, तर ‘डीटेलिसीन’ची सोय वापरून मूळ २४ चौकटी परत मिळवाव्यात. घरगुती कॅमेऱ्याच्या चित्रणात मूळ २४ चौकटी नसतातच, तेथे ‘डीइंटरलेस’ हा उपाय.

डीव्हीडीची उपशीर्षके अक्षरे नसून चित्रे असतात. एमपी४ च्या पेटीत ती नीट मावत नाहीत, एमकेव्हीत मावतात. २००२ च्या या पेटीला नाव मिळाले ते एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून. हार्ड डिस्कवर जागा असेल, तर पुन्हा न दाबता डीव्हीडीचा मूळ प्रवाह जसाच्या तसा या पेटीत ठेवता येतो. मेकएमकेव्ही एवढेच काम करतो. त्यात काहीच गळत नाही. फोनवर पाहायची छोटी फाइल वेगळी, जतन करायची मोठी फाइल वेगळी. प्रती दोन असाव्यात.

सबंध चित्रपट दाबायला बसण्यापूर्वी एकच प्रकरण करून पाहावे. त्यासाठी अंधाराचा, गर्दीचा किंवा धुराचा प्रसंग निवडावा, कारण उजेडातला स्थिर चेहरा कोणत्याही आकड्यावर चांगलाच दिसतो. तबकडी आणि फाइल शेजारी-शेजारी लावून चौकट थांबवावी: भिंतीवर फरशा पडल्या आहेत काय, सावलीत पट्टे उमटले आहेत काय. मग पूर्ण फाइल झाल्यावर तिची सुरुवात पाहून समाधान मानू नये. आवाज आणि ओठ यांतील तफावत थोडी थोडी साठत जाते आणि शेवटच्या दहा मिनिटांत उघडी पडते. म्हणून शेवट पाहावा.

फाइलीच्या नावात चित्रपटाचे नाव आणि साल घालावे. शेजारी एक साधी मजकुराची फाइल ठेवावी: कोणत्या प्रकाशकाची तबकडी, पाल की एनटीएससी, कोणत्या दिवशी उतरवली, कोणता आरएफ, काय कापले, कोठे तबकडी वाचता आली नाही. सच्चिदानंदबाबांच्या नावासह शके, राजा आणि स्थळ ज्ञानेश्वरीच्या शेवटी आहे, म्हणून तर नेवाशाचे नाव आज घेता येते. मजकुराच्या त्या फाइलीत उतरवणाऱ्याने आपले नावही लिहावे, आणि तबकडी पुन्हा तिच्या डब्यात घालून, उन्हापासून दूर, उभी ठेवावी.